टाच

शेंडी ठेवून सोललेला नारळ तळहातावर आडवा धरायचा
आणि अनवाणी चालायचं.
खाली पाणी असलं की नारळ उठून उभा राहतो.
का राहतो ते मला ठाऊक नाही.
आबांनाही नव्हतं.
त्यांनी एवढंच शिकवलं:
पैसे घ्यायचे नाहीत.
तोच नारळ घरी आणायचा, फोडायचा, वाटायचा.
म्हणजे पाणी लागलं तरी आपल्याला काही लागत नाही.

सदू केळुसकराच्या कातळावर
नारळ उभा राहिला त्याला अकरा वर्षं झाली.
चैत्र होता, हात घामाने ओला,
तरी घसरला नाही.
मी टाच रोवून खूण केली.
सदूने तिच्यावर चुन्याची फुली मारली,
बायकोने हळदकुंकू वाहिलं.
तिसऱ्या दिवशी तामिळनाडूची गाडी आली,
रात्रभर जांभा भरडत राहिली,
पहाटे एकशे सत्तर फुटांवर
आधी पांढरा चिखल उडाला, मग पाणी.
पहिली ओंजळ मला दिली त्यांनी.
गोड होतं.

त्या पाण्यावर दोनशे कलमं उभी राहिली,
मग पर्यटकांसाठी चार खोल्या,
प्रत्येक खोलीत दोन नळ, गरम आणि गार.
वाटेत भेटला की सदू म्हणायचा, "तुमचो हात!"
मला बरं वाटायचं.
खोटं कशाला बोलू.

काल उतरणीने खालच्या वाडीत गेलो,
जयवंता तांडेलणीच्या बाराव्याला.
तिला काय झालं होतं, ते मी दोनदा विचारलं.
तापाने गेली, म्हणाले दोन्ही वेळा.

तिच्या नातीने तांब्या पुढे केला.
"जरासा खारा लागतला, आजोबा. आमका आता सवय झाली."

साबणाला फेस नाही त्या बावीच्या पाण्यात.
डाळ शिजत नाही.
दारातली अबोली दोनदा लावली, दोनदा गेली.
"कधीपासून गो?"
"आठ-नव वर्षां. पयला मे महिन्यातच व्हायचा,
आता बाराय महिने."
मी बोटांच्या पेरांवर मोजत गेलो
आणि मध्येच मूठ मिटली.

भूजलवाले साहेब एकदा शाळेत येऊन सांगून गेले होते:
किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं,
दुधावर साय असते तसं.
वरून जास्त ओढलं
की खालून समुद्र चढतो, आवाज न करता.
मी मागच्या बाकावर शेंगा सोलत होतो.

भोक गाडीने पाडलं.
कर्ज सोसायटीने दिलं.
पंप सदूने लावला, मुलीच्या फीसाठी,
आणि पुण्याच्या पाहुण्यांनी
समुद्रावरून आल्यावर अंगाचं मीठ धुतलं.
यात वाईट कोण, मला दाखवता येणार नाही,
आणि दाखवणं हाच तर माझा धंदा.
मी फक्त टाच टेकली होती.
चित्रगुप्ताच्या वहीत टाचेला रकाना असेल का?
पैसे घेतले नव्हते, हे तिथे कोण विचारील?
नारळ तर खाल्ला.
वड्या केल्या होत्या त्याच्या, वेलची घालून,
सगळ्या आळीत वाटल्या.
या घरातही आल्या असतील.

तांब्या संपवला. तळाशी घोट ठेवला नाही.
तेव्हाच बोलायला हवं होतं,
पण पोरीने ओळखलं:
"तुमी पानाडे ना? आमका एक जागा दाखवशात?"
आणि आत पळत जाऊन नारळ घेऊन आली.

वाडीमागे करंजाकडे चालत गेलो.
बायका मागोमाग, कुणी बोलत नव्हतं.
गडग्यापलीकडे सुतारांची बाव दिसते.
गोडी आहे ती.
अजून गोडी आहे.

तळहातावरचं वजन हललं.
शेंडी हळूहळू वर येते आहे,
सगळ्यांना दिसते आहे,
आणि मी
टाच उचलून धरली आहे.